ढाणकीच्या गोदामातलं चौथं शिबिर

१

आरोपी पकडला गेला. जीपमध्ये बसताना आरोपीनं खिडकीजवळची जागा मागितली, ती मिळाली नाही, आणि प्रकरण संपलं.

आता असं धरून चाला की यातलं काहीच झालेलं नाही. कोणी पकडलं गेलेलं नाही, जीप अजून उमरखेडलाच उभी आहे, आणि ढाणकीबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधल्या टिनाच्या गोदामाला बाहेरून कुलूप आहे. मे महिना आहे. कुत्री सावली बघून बसत नाहीत, सावली उरलेलीच नाही. टिनाकडे नुसतं बघितलं तरी डोळे चुरचुरतात.

गोदामासमोर निकिता नावाची मुलगी प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री धरून बसली आहे. ती पहारा देते आहे. मघापर्यंत आतून शटर वाजत होतं. आता थांबलं आहे. निकिता समाधानानं पाण्याचा घोट घेते.

ऊन कलल्यावर बसस्टँडकडून अश्वजित आला. किल्ली त्याच्या खिशात होती. त्यानं कुलूप काढलं, दोन्ही हातांनी शटर वर लोटलं आणि चटका बसून हात झटकले.

आधी बाहेर आली ती हवा. भट्टीचं तोंड उघडावं तशी. मग दिसले लालसिंग सर, शटरला टेकून बसलेले. बूट पॉलिश केलेले, मिशी जागच्या जागी.

"सर, सराव संपला," निकिता म्हणाली. "तुम्ही काय अभिनय केलात!"

तिनं टाळ्या वाजवल्या. सर बाजूला कलंडले, आणि मग कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

२

हे शिबिर कशाचं, ते सांगायला हवं. तीन विद्यापीठांत 'सुरक्षा अभ्यास' नावाचा विषय शिकवतात. सीमा, धरणं, गर्दी, अफवा, यांचं रक्षण कसं करायचं, हे मुलं एसीत बसून शिकतात. तिन्हीकडच्या मुलांनी एकमेकांकडून शिकावं म्हणून हे शिबिर. एक विद्यापीठ नदीच्या अलीकडचं, एक पलीकडचं, आणि तिसरं ऑनलाइन, म्हणजे त्याला इमारतच नाही. त्यामुळे तिघांत सगळ्यात सुरक्षित तेच.

फाटकावर बॅनर होता : 'चौथे आंतरविद्यापीठ सहशिक्षण शिबिर'. संयोजक प्राध्यापक बळीराम. लालसिंग चव्हाण सर त्यांचे सहसंयोजक. फौजेतून निवृत्त झालेला, तांड्यात वाढलेला, आवाज चढवला की टिन वाजावं असा माणूस. मी शाम, प्रतिवृत्त लिहिणारा.

उमरखेडहून सहायक निरीक्षक पुष्पा मॅडम आल्या. त्यांच्या हातात कैरी होती आणि खिशात चाकू. आधी त्यांनी गोदाम पाहिलं. मग कैरीची साल काढत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तू काय करतं बे इथं?"

"प्रतिवृत्त लिहितो जी."

"म्हंजे काही नाई करत."

"हाव जी."

"मंग तूच चालतं. जो काही करत नाई त्याले सगळं दिसते. सांग, मेलेल्या मानसाचं कोणाशी वाजलं होतं?"

मी सांगायची गरजच नव्हती. सकाळच्या चहाला तिन्ही विद्यापीठांसमोर लालसिंग सर अश्वजितला म्हणाले होते, "तू फौजदार झाला तर मी ही मिशी काढून टाकीन!" आणि अश्वजित हसत म्हणाला होता, "मंग वस्तरा माह्याकडून घ्या सर." सगळे हसले होते. सरही हसले होते. पण आता ते वाक्य जो तो एकमेकाच्या कानात सांगत होता, आणि दर कानागणिक त्यातलं हसू कमी होत होतं.

अश्वजित ढाणकीचाच, अलीकडच्या विद्यापीठाचा प्रतिनिधी. उपनिरीक्षक म्हणून त्याची निवड झालेली. बाकी होती फक्त चारित्र्य पडताळणी. त्याच्या आईनं, कौसल्याबाईंनी, उमरखेडच्या टेलरकडे खाकी कापड टाकूनसुद्धा ठेवलं होतं. पडताळणीचा कागद पुष्पा मॅडमच्याच टेबलावर होता.

मॅडमनी त्याला बोलावलं. "गुन्ह्यात नाव आलं का नोकरी गेली. ठाऊक हाय ना तुले?"

"हाय जी."

"कुलूप कोणं लावलं?"

"म्यां."

मॅडमचा चाकू थांबला. "एवढं सरळ नसते सांगत कोणी," त्या म्हणाल्या. "पोलिसात कसा टिकशीन तू?"

३

संध्याकाळी शोकसभा झाली. फोटो मिळेना, म्हणून लालसिंग सरांच्या टोपीला हार घातला. दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं, पण कोणाकडेच मोबाईल नव्हता, त्यामुळे दोन मिनिटं कधी संपली ते कळेना. आम्ही बराच वेळ उभे राहिलो. गोदामाचं टिन थंड होत होतं आणि मधूनच 'टण्ण' असं वाजत होतं. प्रत्येक आवाजाला निकिता दचकत होती. शेवटी ती मटकन खाली बसली, तेव्हा शांतता संपली असं सर्वांनी मानलं.

बळीराम सर बोलायला उठले. पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं, तीन विद्यापीठांची.

"एक सहृदय सहकारी आपण गमावला. दुर्दैवानं त्या वेळी मी उमरखेडला होतो, उद्या येणाऱ्या पुरस्कार समितीसाठी हार आणायला. दिवसभर मी नव्हतो याचं शल्य आयुष्यभर राहील." त्यांनी चष्मा पुसला. "तरीही शोक आवरून एक बाब नमूद करतो. आज तिन्ही विद्यापीठांनी दाखवलेला समन्वय आदर्श होता. समन्वयाचे पूर्ण गुण मी तिन्ही प्रतिनिधींना समान देत आहे. लालसिंगजींनाही हेच आवडलं असतं."

मागच्या रांगेतून पुष्पा मॅडमनी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, त्याही दोन शब्द बोलणार.

"मीठ हाय का कोणाकडं?" त्यांनी विचारलं.

मीठ आलं. त्यांनी ते कैरीला लावलं आणि खात खात म्हणाल्या, "आता एकेकाले पाठवा. ज्यायले गुण देल्ले ते तिघं बी. अन् आपसात बोलू नका."

"आम्ही तसंही बोलत नाही," पलीकडच्या विद्यापीठाची उज्ज्वला म्हणाली. "मनाई होती आमाले."

"कोणाची?"

उज्ज्वलानं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "तेच तर माहीत नाही," ती म्हणाली.

४

पहिला अश्वजित.

"काल राती 'नियंत्रण कक्ष' या नावानं मले मेसेज आलता. सकाळी गोदाम रिकामं हाय का पाहा, कुलूप लावा, किल्ली घेऊन बसस्टँडवर जाऊन बसा, ऊन उतरंपर्यंत हलू नका. बाकीच्यांले सांगू नका."

"रिकामं हाय का पाह्यलं?"

"आवाज देल्ला जी. 'कोणी हाय का' म्हणून तिनदा ओरडलो. आत अंधार होता, गाठोडे होते. कोणं उत्तर नाई देल्लं." तो खाली बघू लागला. "सर त्या गाठोड्यायच्या मागंच असतीन."

"असतीनच. काल रातच्या जेवणात ते बोलले होते ना, का उद्या मी दुश्मन हाय, शोधा मले? दुश्मन कुठं ओ देते. फौजी मानूस. सराव म्हणलं का सराव."

मी बाजूला बसून लिहून घेत होतो. सर चांगले शत्रू होते, म्हणून ते गप्प राहिले. शटर पडेपर्यंत गप्प राहिले. त्यानंतर शत्रू राहण्यात अर्थ नव्हता, पण तेव्हा ते ऐकायला अश्वजित तिथं नव्हता.

मग उज्ज्वला. ती बोरी अरबजवळच्या तांड्यातली. हातवारे करून बोलायची, आज हात मांडीखाली दाबून बसली होती.

"मले मेसेज आला, का सकाळी सर्वांचे फोन गोळा करा, सरांचे बी, अन् गोणीत बांधून जिनिंगच्या ऑफिसात ठेवा. संपर्क तुटला तर गट कसा वागते ते पाहाचं हाय म्हणे. मी लालसिंग सरांजवळ गेलती. त्यांनी स्वतःहून देल्ला फोन. 'शाबास छोरी' म्हणाले." तिनं एक हात मांडीखालून काढला, परत दाबला. "शाबास म्हणाले जी मले."

शेवटी निकिता. ती बिनइमारतीच्या विद्यापीठाची. ढाणकी हे तिनं पाहिलेलं पहिलं प्रत्यक्ष ठिकाण, असं ती पहिल्या दिवशी गमतीनं म्हणाली होती.

"मला सांगितलं होतं, गोदामाबाहेर पहारा द्यायचा. आतून हाक आली, शटर वाजलं, मदत मागितली, तरी उत्तर द्यायचं नाही. शत्रू भावनांशी खेळतो. जो उत्तर देईल तो हरला."

"अन् हाक आली?"

"आली."

"काय म्हणत होते?"

निकितानं छत्रीचं बटण उघडलं, परत लावलं. मग म्हणाली, "आधी म्हणाले, 'पोरी, मी हारलो.' मला वाटलं, ही पण युक्ती."

मॅडमनी कैरीची कोय कागदात गुंडाळली. त्या दिवशी त्यांनी परत काही खाल्लं नाही.

५

'नियंत्रण कक्ष' हे खातं सगळ्यांचं होतं. सहशिक्षण म्हणून पासवर्डही सगळ्यांना एकच, फळ्यावर लिहिलेला. आदल्याच सकाळी कोणीतरी त्यावरून आदेश काढला होता की पोहे खाताना फक्त कुजबुजायचं. बळीराम सरांसकट सगळ्यांनी कुजबुजत पोहे खाल्ले होते. म्हणजे मेसेज कोणीही पाठवला असू शकत होता.

"आणि कोणीही म्हणजे, कुलूप ज्यानं लावलं तोच," बळीराम सर मॅडमना म्हणाले. "दुःख होतं, पण मुलगा उद्धट आहे. वस्तऱ्याची भाषा सर्वांनी ऐकली. स्वतःलाच मेसेज पाठवणं काही अवघड नाही."

मॅडमना वरूनही फोन आला. मला पलीकडचं ऐकू आलं नाही, पण त्या तीनदा "हो सर" म्हणाल्या, आणि तिसरं आधीच्या दोन्हींपेक्षा हळू होतं.

"उद्या दुपारपर्यंत नाव पाहिजे त्यायले," त्या अश्वजितला म्हणाल्या. "अन् त्यायच्यापाशी एक तयार नाव हाय."

"माहं."

"हाव."

"आईले सांगू का, का कापड परत आण?"

"आजच्या दिवस थांब," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय रे शाम्या, तुमच्या कॉलेजात गटानं काम करतेत ना? प्रोजेक्ट का काय ते? कसं करतेत?"

"सहा जणांचा गट असतो जी. एक पोरगी सगळं करते. एक जण मुखपृष्ठ करतो. बाकीचे नाव टाकतात, अन् त्यातल्या एकाचं नाव चुकतं."

"काम सारखं वाटून घेतेत कधी?"

"मी तर नाई पाह्यलं."

"कोणीच नाई?"

मी विचार केला. "सारखी वाटणी फक्त सूचनापत्रात असते जी. सर लोकांच्या."

पुष्पा मॅडम पहिल्यांदा हसल्या. ते हसू काही चांगलं नव्हतं.

६

सकाळी पुरस्कार समिती आली. तिघं जण, बंद गळ्याचे कोट, घामानं भिजलेले. सहशिक्षणाचा राष्ट्रीय पुरस्कार कोणाला द्यायचा ते हे तिघं ठरवणार होते. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. बळीराम सरांनी त्यांना हार घातले आणि खुर्च्या दिल्या. पुष्पा मॅडम उभ्या राहिल्या, तेव्हा समितीला वाटलं, सादरीकरण सुरू झालं.

"तीन लेकरं," मॅडम म्हणाल्या. "एकानं कुलूप लावलं. एकीनं फोन नेले. एकीनं हाक ऐकून उत्तर नाई देल्लं. एकेक काम पाह्यलं तर पोरखेळ. तिन्ही जोडले तर मानूस मरते. अन् तिघायले बी दुसऱ्याचं काम माहीत नव्हतं."

समितीतल्या एकानं कौतुकानं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

"निकिताले मेसेज होता, का आतून हाक येईन. म्हंजे धाडणाऱ्याले ठाऊक होतं, का आत मानूस असन. चूक नाई हे. ठरवून केलं. मंग कोणं केलं? अश्वजितनं? त्याले करायचं असतं तर कुलूप लावून गप्प घरी गेला असता. दोन पोरी कायले लागल्या असत्या त्याले? पोरायनं केलेल्या कामात दोघं तेच करतेत अन् एक काम राहूनच जाते. इथं ना काही दोनदा झालं, ना काही राह्यलं. इतकी सारखी वाटणी शिकणारा करत नाई. शिकवणारा करते."

बळीराम सरांनी खिशातली तीन पेनं सरळ केली. "हा तर्क आहे, मॅडम. पुरावा नाही."

"बरोबर. म्हून मले तुमचंच भाषण लागलं. काल टोपीपुढं तुम्ही समन्वयाचे पूर्ण गुण देल्ले. कायच्या समन्वयाचे?"

"तिघांच्या. एकूण."

"तिघं सकाळपासून तीन दिशेले होते. एकमेकाचं तोंड नाई पाह्यलं त्यायनं. कोणाचं काम काय, हे त्यायनं मले सांगतलं, तुमच्या भाषणाच्या नंतर. अन् तुम्ही तर हार आणाले गेलते. जो इथं नव्हता, ज्याले कोणं काही सांगतलं नाई, त्याले हे तीन कामं जुळले म्हून कसं समजलं?"

फाटकावरचा बॅनर फडफडला. वारा नव्हता, कोणीतरी त्याची दोरी ओढत उभं होतं. तो अश्वजित होता.

"मूल्यमापन हे... रचनेवरून करायचं असतं," बळीराम सर म्हणाले. "अंमलबजावणी पाहावी लागत नाही. रचना निर्दोष असेल तर निष्पत्ती गृहीत धरता येते."

"कोणाची रचना?"

सरांनी समितीकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी ते खोटं बोलू शकले असते. पण प्रश्न त्यांच्या विषयातला होता, आणि समोर समिती होती.

"कोणावरही भार येऊ नये अशी होती ती," ते म्हणाले. "लालसिंगजींनाही फक्त लपायची जागा सांगितली होती. प्रत्येकाला झेपेल एवढंच दिलं होतं."

टिन तापायला सुरुवात झाली होती, ते वाजत होतं. तेवढ्यात समितीतल्या मधल्या गृहस्थांनी टाळी वाजवली. मग बाकीच्या दोघांनी. "अत्यंत परिणामकारक," मधले म्हणाले. "आधीची तीनही शिबिरं अशीच झाली का?"

"तेच तर लालसिंग सर तुमच्यापुढं इचारनार होते," मॅडम म्हणाल्या. "परवा रातच्या जेवणात सगळ्यायपुढं ओरडून म्हणले होते ते. 'चौथं शिबिर म्हणतं, मंग पहिले तीन कवा झाले बे बळीराम? समिती येऊ दे, उभा राहून इचारतो.' झालेच नाई ते. कागदावर झाले."

"त्यांना मी वरणसुद्धा वाढलं होतं त्या वेळी," बळीराम सर दुखावल्या आवाजात म्हणाले. "आणि तरीही ते विचारणारच होते."

त्यानंतर जीप आली. खिडकीच्या जागेचं मी आधी सांगितलंच आहे.

७

अश्वजितला मी बसस्टँडवर गाठलं. त्याला वाटलं, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. पुष्पा मॅडम तिथंच आल्या. या वेळी त्यांच्या हातात काही नव्हतं.

"बळीराम आत गेला," त्या म्हणाल्या. "पण वकील त्याचा म्हणते, का माह्या अशिलानं फक्त स्वाध्याय देल्ला. हात कोणाचे होते ते पाहा. वरच्यायनं ऐकलं त्याचं. गुन्ह्यात चौघायचे नावं टाकले."

"चौघायचे," अश्वजित म्हणाला.

"कोर्टात सुटशीन तू. मीच साक्ष देईन. पण पडताळणीत सुटलेला नसते पाहात, नाव पाहातेत. केस चालू हाय असंच लिहा लागन मले." त्या आमच्याकडे न बघता बोलत होत्या. "खुनी धरला म्यां. तुले नाई सोडवू शकली."

"तुम्ही तुमचं काम केलं मॅडम."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "इथं सगळ्यायनंच आपापलं काम केलं."

उमरखेडची गाडी लागली. अश्वजित तिच्यात बसला. टेलरकडून कापड परत आणायचं होतं. आईला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून आधी कापड आणायचं त्यानं ठरवलं होतं.

प्रतिवृत्त लिहिणं माझं काम. ते मी पुरं केलं आणि शेवटी जोडपत्र लावून तिन्ही विद्यापीठांना आणि संबंधित कार्यालयाला पाठवलं. ते असं :

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी,
चारित्र्य पडताळणी कक्ष.

विषय : कु. लालसिंग चव्हाण मृत्यू प्रकरणातील हिश्श्यांच्या फेरवाटपाबाबत. ('कु.' हे संगणकाने आपोआप घातले असून ते निघत नाही. क्षमस्व.)

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर मृत्यूचे काम सहशिक्षण पद्धतीने समान वाटण्यात आलेले असल्याने श्री. अश्वजित यांच्या वाट्यास त्याचा केवळ एक तृतीयांश भाग येतो. सबब त्यांचे उर्वरित दोन तृतीयांश चारित्र्य निष्कलंक धरून त्यांना त्या प्रमाणात उपनिरीक्षक पदावर तत्काळ रुजू करून घेण्यात यावे.

तसेच त्यांच्याकडील एक तृतीयांश भाग शिबिरातील उर्वरित सर्व विद्यार्थ्यांमध्ये समान वाटण्यात यावा, त्यास आम्हां सर्वांची लेखी संमती आहे. प्रत्येकाच्या वाट्यास येणारा भाग इतका लहान असेल की तो कोणाच्याही पडताळणीत दिसून येणार नाही, आणि कोणासही झेपेल.

तिन्ही विद्यापीठांनी आपसांत समन्वय साधून यावर एकच उत्तर द्यावे, ही विनंती.